नवमीला उघडलेलं इंजिन

माझा धंदा सांगितला की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे विहिरी का?" आजकाल बोअर म्हटलं की लोकांना पाणीच आठवतं. मी बोअर करायचो ते मोटारींच्या इंजिनांचे. चिंचवड स्टेशनच्या जवळ पत्र्याची एक शेड, तिच्यात एक बोअरिंग मशीन, एक हेड घासायचं मशीन, आणि मापं घ्यायची चार हत्यारं. स्वातंत्र्यानंतरच्या त्या पहिल्या वर्षांत आसपास सगळी ज्वारी-बाजरीची शेतं होती आणि मधूनच एखाद्या कारखान्याची भिंत उभी राहत होती. तेव्हा या भागात असं काम करणारा मी एकटाच होतो, त्यामुळे चांगला कारागीर म्हणून माझं नाव झालं त्यात माझं कर्तृत्व किती आणि नाइलाज किती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

धंदा समजायला सोपा आहे. इंजिनात गोल नळकांडी असतात, त्यांना सिलिंडर म्हणतात. त्यात दट्ट्या वरखाली पळतो, तो पिस्टन. पेट्रोलचा वाफारा आत येतो, पिस्टन तो दाबतो, ठिणगी पडते, भडका उडतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. हे वर्षानुवर्षं चाललं की नळकांडं झिजतं, आणि तेही सगळीकडून सारखं नाही, चपलेची टाच झिजते तसं एका अंगाने. मग ते पुन्हा गोल कातायचं, थोडं मोठं होतं, त्यात थोडा मोठा पिस्टन बसवायचा. याला रीबोरिंग म्हणायचं. चाकणच्या कांदा बाजारातला एक व्यापारी एकदा मोटार घेऊन आला आणि म्हणाला, चारपैकी दोनच सिलिंडर आता करा, उरलेले दोन पुढच्या कांद्यावर. मी त्याला विचारलं, बैलजोडीतल्या एकाच बैलाला पाणी पाजता का? तो रागावून गेला, आठ दिवसांनी आला आणि चारही करून घेतले.

या गोष्टीला कारण झाल्या त्या दोन मोटारी. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, दोघींचे एजंट पुण्यात. नावं घेत नाही, आम्हीही घेत नसू. एकीचं टप गोल होतं म्हणून ती टोपी, दुसरी चौकोनी म्हणून पेटी. डॉक्टर, वकील, कांद्याचे अडते, सगळ्यांत दोन तट होते, आणि ज्याच्याकडे सायकलही नव्हती तोसुद्धा टोपीवाला किंवा पेटीवाला असायचा. कुठली गाडी जोरात सुटते यावर चहाच्या दुकानात माणसं एकमेकांच्या अंगावर जायची.

हा वाद मिटवायला पुण्यातल्या हौशी मोटारवाल्यांनी एक शर्यत सुरू केली. मोशीच्या पुढे चाकणच्या वाटेवर एक सरळसोट तुकडा होता. गाडी उभी करायची, निशाण पडलं की सोडायची, पाव मैल पळवायची, घड्याळ लावून वेळ धरायची. वळण नाही, काही नाही, फक्त इंजिनाचा दम. परदेशात असल्या शर्यतींना काय म्हणतात ते मला फार पुढे कळलं. आमच्याकडे तिला 'पावमैल' म्हणत. साहेबलोकांना वाटलं की आपण काहीतरी नवीन आणलं. पण भोसरी, महाळुंगे, चाकणच्या लोकांना त्यात नवल नव्हतं. बैलगाडा घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावेवर, असाच पळतो, एकेकटा, सरळ, घड्याळाशी, आणि त्या पळण्याला बारी म्हणतात. म्हणून गावकऱ्यांनी पहिल्याच वर्षी या मोटारींच्या फेरीला 'बारी' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे साहेबलोकही बारीच म्हणू लागले.

गाड्या पळू लागल्या तसे नियमही आले. पहिला नियम सोपा होता: गाडी कंपनीतून आली तशीच हवी. पण रीबोर केलेली गाडी कंपनीतून आली तशी असते का? सिलिंडर मोठा झाला म्हणजे ताकदही थोडी वाढली. त्या हिशेबाने अर्ध्या गाड्या बाद. तेव्हा त्यांनी मला बोलावलं. दोन्ही बाजूंची इंजिनं माझ्याच शेडमध्ये कातली जात होती आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या मला सारख्याच पडत होत्या, म्हणून मी निःपक्षपाती ठरलो. किती मोठा बोअर चालेल याची मर्यादा मी ठरवून दिली. शर्यतीआधी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडून सिलिंडर मोजायचे, पुन्हा बंद करायचं आणि हेडच्या दोन नटांतून आणि कार्ब्युरेटरच्या एका नटातून एकच तार ओवून तिला शिशाचं सील दाबायचं. कार्ब्युरेटर म्हणजे जिथे पेट्रोल आणि हवा मिसळतात ते भांडं. ते बदललं तर इंजिन जास्त पेट्रोल पितं, जास्त पळतं. सील तुटलं की गाडी बाद. हा नियम मीच सुचवला होता.

पंच तिघे. एक शर्यतीचे मुख्य, निवृत्त मेजरसाहेब, शब्दन् शब्द मोजणारे. दुसरे महाळुंग्याचे आबा, ज्यांचा गाडा घाटात वर्षानुवर्षं पहिला यायचा. रस्ता त्यांच्या शिवाराजवळून जायचा, बैलगाड्या थोपवून धरायचं काम त्यांच्या माणसांचं, म्हणून त्यांना मान दिलेला. तिसरा मी.

त्या वर्षी टोपी पळवणार होता नागोराव मिस्त्री. मराठवाड्यातला माणूस, निजामाच्या राज्यात एका जहागीरदाराच्या मोटारी सांभाळायचा. राज्य गेलं, जहागीर गेली, मोटारी लिलावात गेल्या, आणि हा बायको-मुलांसह चिंचवडला आला. टोपीच्या एजंटाकडे त्याने गाड्या दुरुस्त करायला सुरुवात केली. बोलायला मऊ, 'मेहेरबानी', 'तकलीफ' असे शब्द सहज तोंडात. एजंट चिंचवडला दुरुस्तीची मोठी शेड काढणार होता. ती नागोरावच्या हाती द्यायची की मुंबईहून शिकलेला माणूस आणायचा, एवढंच ठरायचं राहिलं होतं. एजंटाने सरळ सांगितलं होतं की पावमैल जिंकलास तर शेड तुझी. शेडच्या मागे दोन खोल्या होत्या, मिस्त्रीला राहायला. नागोरावच्या बायकोने त्या जाऊन पाहूनही घेतल्या होत्या. चूल कुठे मांडायची हेसुद्धा तिने ठरवलं होतं, असं त्यानेच मला हसत सांगितलं.

शर्यत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मोजणी आणि सील मी अष्टमीला ठेवलं, कारण नवमीला माझ्या शेडमध्ये काम बंद असतं. खंडेनवमीला आपण कारागीर लोक हत्यारं चालवत नाही. ती धुवायची, पुसायची, मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि त्यांना एक दिवस विश्रांती द्यायची. वर्षभर ती आपल्यासाठी राबतात, एक दिवस आपण त्यांच्यापुढे हात जोडायचे, एवढंच त्यात आहे.

अष्टमीला आधी टोपीचं हेड उघडलं. सिलिंडर मापात होते, नवे असावेत इतके गुळगुळीत. मग पेटीचं. सिलिंडर तिचेही मापात. पण हेड हातात घेतलं आणि माझा हात थांबला. खालचा पृष्ठभाग ताजा घासलेला होता.  हेड खालून घासून पातळ केलं की आतली जागा कमी होते, वाफारा जास्त दाबला जातो आणि भडका जास्त जोराचा होतो. बोअरला हात न लावता ताकद वाढवायची ही युक्ती. पेटीचे एजंट स्वतः इंजिनियर होते, शांत, सुसंस्कृत गृहस्थ. मी विचारलं तेव्हा म्हणाले, हेड वाकलं होतं म्हणून घासून घेतलं, तुम्हीही रोज घासता. ते खरं होतं. मेजरसाहेबांनी नियमांचा कागद काढून वाचला. बोअर होता, पिस्टन होता, कार्ब्युरेटर होता. हेडचं नाव नव्हतं. जे लिहिलं नाही त्याला आपण मनाई करू शकत नाही, असं ते म्हणाले आणि मी पेटीला सील मारलं.

संध्याकाळी मी नागोरावला बाजूला घेतलं. म्हटलं, नियमात बसतं आहे, तुझंही हेड आण, सील मारायच्या आधी तासाभरात घासून देतो.  तो म्हणाला, कंपनीतून आली तशी पळवायची असं ठरलंय ना, मग तशीच पळवू. मला तेव्हा त्याचा थोडा रागही आला. मी टोपीला सील मारलं आणि मशीन बंद केलं.

शर्यतीच्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. चाकणच्या बाजाराला निघालेल्या कांद्याच्या गाड्या आबांच्या माणसांनी सकाळपासून अडवून ठेवल्या होत्या आणि गाडीवान बैल सोडून, जुवावर बसून मजा बघत होते. इतर गाड्या पळाल्या, शेवटी उरल्या या दोघी. पेटीची बारी चांगली गेली. मग टोपी उभी राहिली. नागोराव सुटायच्या आधी इंजिनाचा आवाज असा धरून ठेवायचा की तो वाढतही नसे आणि पडतही नसे. निशाण पडलं आणि गाडी अशी गेली की कुठे गिअर बदलले ते कळलंच नाही. घासलेलं हेड नसताना, निव्वळ हाताच्या अंदाजावर त्याने पेटीला पापणी लवेल एवढ्या फरकाने मागे टाकलं. मेजरसाहेबांनी घड्याळ दोनदा पाहिलं. टोपीवाल्यांनी नागोरावला उचललं.

नियमाप्रमाणे जिंकलेल्या गाडीचं सील तपासायचं होतं. मी बॉनेट उचललं. इंजिनावर हळदकुंकू होतं, वाळलेली झेंडूची पाकळी होती, आणि माझ्या तारेच्या जागी देवाचा लाल दोरा बांधलेला होता.

मी नागोरावकडे पाहिलं. त्याने खिशातून रुमाल काढला, सोडला आणि माझं शिशाचं सील तारेसकट माझ्या हातावर ठेवलं. त्यालाही कुंकू लागलेलं होतं. त्याचा चेहरा आनंदी होता, काही लपवतो आहे असं त्यात कुठेच नव्हतं. नवमीला त्याने कार्ब्युरेटर काढला, रॉकेलने धुतला, पाटावर पान्यांच्या शेजारी मांडला, पूजा केली, दुपारी पुन्हा बसवला. त्याच्या उस्तादाने लहानपणी शिकवलेलं असं की खंडेनवमीला तलवार म्यानात ठेवत नाहीत. मिस्त्रीची तलवार म्हणजे त्याचं इंजिन. ते बंद ठेवून पूजा झालीच नाही.

"पण सील होतं ना रे," मी म्हटलं.

"सील परक्या हातासाठी असतंय की, मास्तर," तो म्हणाला. "धान्याच्या पोत्याला असतंय तसं. माझंच इंजिन, मी कसा परका?"

हे बोलणं पेटीच्या एजंटांनी ऐकलं होतं. ते आवाज न चढवता म्हणाले, नियमाप्रमाणे गाडी बाद व्हायला हवी. टोपीवाले भडकले. मेजरसाहेबांनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि आम्ही तिघे पंच रस्त्याच्या कडेला बसलो.

मेजरसाहेबांचं मत एका वाक्यात संपलं. सील तुटलं आहे, गाडी बाद आहे. आबा काठीने माती उकरत होते. ते म्हणाले, "बैलाला हळद लावली म्हून आमी बारी बाद करत न्हाई. बैल बदलला तर करतो. बैल बदललाय का, तेवढं मास्तर सांगंल."

मी म्हटलं, उघडून मोजल्याशिवाय मी सांगू शकत नाही. आबा म्हणाले, मग उघड. मेजरसाहेबांनी पेटीच्या एजंटांना विचारलं. ते म्हणाले, सील तुटल्यावर उघडून बघायचं कलमच नाही. मी चिडून म्हटलं, मग तुमचं हेडही मोजू या. ते म्हणाले, त्याचंही कलम नाही. दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं. बरोबर असलेला दुसरा कुणी माणूस मला आयुष्यात इतका नावडला नाही.

एक मत इकडे, एक तिकडे. आता माझं. नागोरावने लबाडी केली नाही हे मला माझ्या हातांइतकं ठाऊक होतं. पण माझ्या हाताने घेतलेल्या मापाची ग्वाही त्या तारेपुरतीच होती. तार तुटल्यावर मी जे सांगणार ते माप नव्हतं, माझं त्या माणसाबद्दलचं मत होतं. आज माणूस चांगला म्हणून सोडलं, तर उद्या जो येईल तो कपाळाला कुंकू लावून येईल आणि त्याला नाही म्हणायला माझ्याकडे काय राहील? मी बाद म्हटलं.

आबा उठून उभे राहिले. "मला पटलं न्हाई," ते म्हणाले. "पर तिघांत बसलोय तर मोडनार न्हाई." आणि त्यांनीच जाऊन लोकांना निकाल सांगितला, कारण दंगा झाला तर तो त्यांच्याच शब्दाने थांबला असता. झाला नाही. लोक नाराज झाले, पण आबांच्या शब्दापुढे गेले नाहीत.

पेटीवाल्यांनी कप घेतला, फोटो काढला आणि ते गेले. टोपीचा एजंट नागोरावकडे गेला आणि तिथेच, उभ्या उभ्या त्याने सांगितलं की शेडवर मुंबईचा माणूस येईल. इतका साधा नियम ज्याला पाळता येत नाही त्याच्या हाती मी लोकांच्या गाड्या कशा देऊ, असं म्हणाला.  नंतर दिवाळी झाल्यावर नागोराव कुटुंब घेऊन मराठवाड्यात परत गेला, तिकडे कापसाच्या कुठल्याशा जिनिंगच्या इंजिनावर लागला असं कानावर आलं. पुढच्या वर्षी मी नियमांत हेडची जाडी घातली आणि त्या वर्षी पेटीवाले आलेच नाहीत. तो निकाल चूक होता असं मी आजही म्हणणार नाही. पुन्हा त्या मातीत बसवलंत तर पुन्हा बाद म्हणेन. पण बरोबर निकाल दिला की मन निवांत होतं असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका. माझं झालेलं नाही.

त्या दुपारची एक गोष्ट सांगायची राहिली. आबा आणि अडवलेले गाडीवान सोडले तर सगळे पांगले होते. मेजरसाहेबांची जीप गेली होती. मी मापाची हत्यारं डबीत भरत होतो तेव्हा नागोराव समोर येऊन उभा राहिला.

"मास्तर, निकाल लागला. तो आता बदलत नाही. आता तरी उघडून मोजा."

मी म्हटलं, नागोराव, त्याने आता काय होणार आहे?

"काही होणार नाही," तो म्हणाला. "म्हणून तर म्हणतो."

मला नकोच होतं ते. माप बरोबर निघणार हे मला माहीत होतं आणि ते बरोबर निघालेलं मला बघायचं नव्हतं. पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. आमचा न्याय इतका लांबला होता की इंजिन गार झालं होतं. त्याने रेडिएटरचं पाणी सोडलं, नट काढले, हेड उचलून शेजारी अंथरलेल्या धाबळीवर पालथं ठेवलं. मी पहिल्या सिलिंडरमध्ये माप घातलं. अष्टमीचं माप मला पाठ होतं. तेच होतं. मी मान हलवली.

"असं नाही," तो म्हणाला. "मोठ्यानं सांगा."

मी मोठ्याने सांगितलं. दुसऱ्याचं सांगितलं, तिसऱ्याचं, चौथ्याचं. हेडवर घासल्याची एक रेघ नव्हती, तेही सांगितलं. मग त्याने कार्ब्युरेटर उघडला, आतला जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, काढून माझ्या हातात दिला. त्यावर कोरलेला कंपनीचा आकडा मी वाचला, कोर्टात शिपाई पुकारतो तसा. ऐकायला आबा होते, आणि बैल जुंपायला लागलेले कांद्याचे गाडीवान होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण हातातलं काम सोडून ते ऐकत उभे राहिले. शेवटचा आकडा मी दोनदा वाचला.

गाडीवानांतल्या एका म्हाताऱ्याला वाटलं की निकाल आता लागतो आहे. त्याने विचारलं, "मंग जितलं कोन म्हनायचं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. 

"ती दुसरी गाडी," नागोराव म्हणाला. "आमची बाद झाली."

"का वं? मापात व्हती म्हनं की."

"मापात होती," नागोराव म्हणाला. "नियमात नव्हती."

म्हातारा आमच्या तोंडाकडे बघत राहिला, मग बैलांकडे वळला. नागोरावने रुमालाने हेडची कड पुसली, ते जागेवर ठेवलं आणि नट आवळायला घेतले. एकदम एकही आवळला नाही. मधल्यापासून बाहेर, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, थोडा थोडा, फिरून पुन्हा पहिल्यापासून, हेडवर कुठे जास्त ताण पडू नये म्हणून आवळायचे असतात तसे.